उनहत्तर नंबरची टिकली

टॅगला टॅग म्हणणारी माणसं आमच्या केंद्रावर दोनच होती, साहेब आणि मी. बाकी सगळे त्याला टिकली म्हणत. टँकरच्या पुढच्या काचेवर आतल्या बाजूनं, बरोबर मध्यभागी चिकटवायची ती एक पट्टी असे. बोटभर लांब, आत धातूची बारीक नक्षी. "मॅडम, आमच्या गाडीला टिकली लावता का?" असं म्हणत ड्रायव्हर खिडकीशी यायचे आणि मागं वळून आपसांत हसायचे. पहिला आठवडा मला राग आला. दुसऱ्या आठवड्यात मीही टिकलीच म्हणायला लागले. रांग गेटाबाहेर गेलेली असताना रुसायला वेळ कुठून आणायचा?

सलग दुसरं कोरडं वर्ष होतं ते. जायकवाडीचं पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं होतं आणि घरोघरी नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. शहराला मात्र याची काही खबरच नव्हती. पडेगावच्या पुढं माळावर खडूच्या रेघा मारून प्लॉट पडत होते, शेंद्र्याच्या बाजूला कारखाने वाढत होते आणि त्या कारखान्यांसाठी आलेली माणसं जिथं जागा मिळेल तिथं पत्रे ठोकून राहत होती. पाइपलाइन पोचली नाही तिथं माणसं पोचली होती, म्हणून मग तिथं टँकर. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. आता पाट्या बदलल्या, टँकर तेच आहेत.

पाणी भरायच्या त्या केंद्रावर मी ठेकेदाराकडून लागलेली ऑपरेटर होते. सहा-सहा महिन्यांची ऑर्डर, पत्र्याची खोली, एक संगणक आणि एक पंखा. तो पंखा फिरायचा, पण वारा कुणाला द्यायचा ते कळायचं नाही. खिडकीच्या बाहेर पाच पावलांवर पंप. तो सुरू झाला की माझ्या टेबलावरचा पेन आपोआप सरकत कडेला जायचा. माझं काम असं की, गाडी आली की तिचा नंबर, मालक, कुठल्या वस्तीवर जाणार ते लिहून घ्यायचं, काच पुसून टिकली चिकटवायची आणि टिकलीचा लांबलचक आकडा संगणकात त्या गाडीच्या नंबराशी जोडून टाकायचा. झाली नोंदणी. पुढचं गेटाजवळच्या खांबावरचा डबा बघायचा. गाडी खाली उभी राहिली की डबा टिकली वाचायचा, हिरवा दिवा लागायचा, आडवा दांडा वर जायचा आणि एक खेप जमा व्हायची.

त्याआधी गेटावर वही घेऊन एक माणूस बसायचा. त्याच्या वहीत गॅरेजला पडलेले टँकरसुद्धा दिवसाला चार-चार खेपा मारायचे. म्हणून यंत्र आणलं. "यंत्राला नातेवाईक नसतात," असं साहेब दिवसातून एकदा तरी म्हणायचे आणि मी मान हलवायचे. मला ते पटलंही होतं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. वडील कचेरीत होते, पाढे न चुकता म्हटल्याशिवाय मला ताटावर बसू देत नसत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असे आडवे-तिडवे आकडे विचारून अडवायचे आणि मी अडले नाही की मिशीत हसायचे. आकड्यात मी चुकणार नाही, ही माझी शेखी होती. दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतंच माझ्याकडं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका मालकाच्या अकरा गाड्या एकदम नोंदणीला आल्या. सगळ्या एकदम घेतलेल्या, नंबर एकापुढं एक, फरक फक्त शेवटच्या दोन आकड्यांचा. गाड्यांची मूळ कागदपत्रं मालकाकडं. ड्रायव्हरांकडं ज्या झेरॉक्स होत्या त्यांच्यावर शाई कमी आणि डाग जास्त. नंबरप्लेटा धुळीनं माखलेल्या. नियमानं मी उठून, बाहेर जाऊन, प्लेट पुसून नंबर बघायला हवा होता. पहिल्या सहा गाड्यांना मी तसं केलं. सातव्या गाडीच्या वेळी माझी कंबर बोलायला लागली होती आणि ऊन असं की बाहेर पाऊल टाकताना डोळे मिटावे लागत. मी बसल्या जागेवरून ओरडले, "शेवटचे दोन आकडे सांगा, चाचा."

चाचा म्हणजे सिल्लोडकडचे एक ड्रायव्हर. साठीला टेकलेले, पांढरी छोटी दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. बाकीचे हॉर्न वाजवत असताना हे गृहस्थ खाली उतरून आपल्या टँकरची गळकी तोटी चिंधीनं बांधत बसायचे, म्हणून माझ्या लक्षात होते. ते खिडकीशी आले आणि पंपाच्या आवाजात म्हणाले, "उनहत्तर."

मला 'हत्तर' ऐकू आलं. आता मराठीत हत्तर म्हणजे सत्तरच्या पुढचं, ते लहानपणापासून डोक्यात बसलेलं. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. हिंदीत एक हत्तर सत्तरच्या अलीकडंही असतं, उनहत्तर म्हणजे आपलं एकोणसत्तर, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. मी म्हटलं, "एकाहत्तर ना?" त्यांनाही हत्तर ऐकू आलं. ते म्हणाले, "हौ, हौ." मी एकाहत्तर टाइप केलं.

एकाहत्तर नंबरची खरी गाडी सकाळीच टिकली लावून गेलेली होती. संगणकानं मला हटकायला हवं होतं. पण टँकरच्या काचा सारख्या फुटायच्या, फुटल्या की नवी टिकली द्यावी लागायची, म्हणून एका गाडीला दोन टिकल्या चालतील अशी सोय मीच मागून करून घेतलेली होती. संगणक काही बोलला नाही. मी काच पुसली, टिकली चिकटवली, अंगठ्यानं दाबली. चाचांनी वरून फुंकर मारली. "मुबारक हो," ते आपल्या गाडीलाच म्हणाले.

त्यांना पडेगावच्या पलीकडची एक वस्ती दिलेली होती. उताराला चाळीसेक पत्र्याची घरं, रस्त्याच्या कडेनं निळ्या ड्रमांची रांग. चाचा दिवसाआड तिथं पाणी घेऊन जायचे. एकाहत्तर नंबरचा टँकर जायचा बायपासच्या एका नव्या सोसायटीला. म्हणजे झालं काय, की चाचा गेटावर आले की हिरवा दिवा लागायचा, दांडा वर जायचा, पाणी भरायचं, वस्तीला पोचायचं आणि खेप जमा व्हायची सोसायटीच्या खात्यावर. चाचांना कळायचं कारण नव्हतं, कारण दिवा हिरवाच होता. वस्तीला कळायचं कारण नव्हतं, कारण ड्रम भरत होते. मालकाच्या अकरा गाड्यांच्या खेपा एकूण बरोबर होत्या, त्यामुळं त्यालाही काही कळायचं कारण नव्हतं. कळलं असतं तर एकट्या मला. आणि मी रोज नव्या गाड्यांच्या टिकल्या लावण्यात गर्क होते.

महिन्याचा अहवाल निघाला. एकाहत्तर नंबरनं एवढ्या खेपा मारल्या होत्या की साहेबांनी त्या ड्रायव्हरला बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तो बिचारा गोंधळून हसला. एकोणसत्तर नंबरपुढं मात्र शून्य होतं. साहेबांनी तक्रारींचं पान उघडून बघितलं, तर त्या वस्तीची एकही तक्रार नव्हती. "महिनाभर टँकर नाही आणि ओरड नाही, म्हणजे यांना गरजच नाही," असं म्हणून त्यांनी वस्तीचं नाव यादीतून काढलं आणि मालकाला सांगून गाडी बंद केली. ओरड नव्हती कारण पाणी मिळत होतं, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेजारच्या टेबलावर मी होते. माझ्याही ध्यानात आलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. दोन पाळ्या चुकल्यावर वस्तीवरच्या बायका रिक्षा करून साहेबांकडं आल्या. साहेबांनी त्यांना कागद दाखवला. "तुमच्या टँकरनं महिनाभरात इथून एक थेंब उचललेला नाही." बायका म्हणाल्या, "आवं, पर पाणी तर येत व्हतं." साहेब म्हणाले, "येत असेल. पण इथलं नव्हतं. कुठल्या विहिरीचं, कुठल्या डबक्याचं, ते ड्रायव्हरला विचारा." एवढंच म्हणाले ते. पण त्याच महिन्यात वस्तीवर चार-पाच लेकरांना जुलाब झाले होते आणि एक लेकरू दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. उन्हाळ्यात दरवर्षी होतं तसं. आता त्या जुलाबांना एक धनी सापडला.

चाचांना यातलं काही माहीत नव्हतं. केंद्रावर गाडी न्यायची नाही, एवढंच मालकानं सांगितलं होतं, म्हणून ते रिकामी गाडी घेऊनच वस्तीवर गेले, बायकांना सांगायला की माझी वाट बघू नका, काहीतरी घोळ झालाय. रिकामा टँकर बघून बायकांचा जो काही धीर उरला होता तो सुटला. कुणीतरी दगड उचलला.

हे सगळं मला चाचा दुसऱ्या दिवशी खिडकीशी आले तेव्हा समजलं. रुमाल हातात पिळत होते. "मॅडम, मेरी खेपां गई कहाँ? हर पाळी कू भरके ले गया मैं. तुम्हीच बघा ना."

मी त्यांच्यावर खेकसले. हे मला आजही लिहायला नको वाटतं, पण मी खेकसले. "मारल्या असत्या तर दिसल्या असत्या ना! यंत्र काय तुमचा वैरी आहे का?" माझ्यामागं काम पडलं होतं, घरी आईच्या गुडघ्याचं दुखणं होतं, नळाचा सातवा दिवस होता आणि घरातला ड्रम तळाला गेलेला. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकाचाही काही उपयोग नाही. ते उलटून बोलले नाहीत. म्हणाले, "एक बार टिकली तपासून बघा. बस."

हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन मी बाहेर गेले, तेही तणतणत. काचेसमोर धरलं. यंत्रावर नंबर आला, शेवटचे दोन आकडे सात आणि एक. मी खाली प्लेटकडं बघितलं. चाचांनी ती धुऊन लख्ख केली होती. सहा आणि नऊ.

पंप चालू होता. त्या आवाजात मला ते 'हत्तर' पुन्हा ऐकू आलं, अगदी स्पष्ट, आणि या वेळी त्याच्या आधीचं 'उन'सुद्धा. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "टिकली खराब झालीय. नवीन लावून देते."

तेवढंच म्हटलं मी. जुनी टिकली ब्लेडनं खरवडून काढली, नवी लावली, संगणकात एकोणसत्तरशी जोडली, आणि साहेबांना सांगितलं की टॅग सदोष होता. साहेबांनी वस्ती परत यादीत घातली. दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झालं. झालं गेलं, असं मी मनाशी म्हणाले. पण गाडी सुरू झाली तरी गाडीवर चाचा नव्हते. वस्ती त्यांना उभं राहू देईना, म्हणून मालकानं दुसरा ड्रायव्हर बसवला. तो तोटी बांधत नसे. त्याच्या गाडीनं गेटापासून चौकापर्यंत पाण्याची रेघ ओढलेली दिसायची, आणि मी रोज खिडकीतून ती रेघ बघायचे आणि मान खाली घालून पुढची टिकली लावायचे.

अकरा दिवस असे गेले. रात्री झोप लागायची नाही असं काही नाही, उलट मी मेल्यासारखी झोपायचे. पण सकाळी उठताना आधी ते आठवायचं आणि मग अंग उचलायचंच नाही. थकवा मला नवा नव्हता. हा मात्र झोपून जाणारा नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी चाचा आले. रोजे सुरू झाले होते, ओठ सुकलेले. बाहेरच्या बाकावर रांग संपेपर्यंत बसून राहिले आणि मग खिडकीशी आले. नोकरी परत मागायला आले असतील असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. शेंद्र्याला एका कारखान्याच्या बसवर त्यांचं जमत आलं होतं. त्यांना हवी होती एक चिठ्ठी.

"टिकली खराब होती, एवढं लिहून द्या. मी वस्तीवर दाखवीन. नोकरी का कुछ नहीं, मॅडम. पर वो लोगां मेरेकू गंदा पानी पिलाने वाला बोलते. माझ्या नातवाच्या वयाची लेकरं आहेत ती."

मी कागद ओढला. लिहायला काय जात होतं? दोन ओळी. मी 'सदर टॅग सदोष असल्याने' इथपर्यंत आले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "पर एक बात समझ में नहीं आती. खराब थी, तो महिनाभर गेट कैसे खुलता था? हिरवा दिवा लागायचा ना, मॅडम. वस्तीवर कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

त्यांनी ते टोमणा मारायला विचारलं नव्हतं. खरोखरच त्यांना उत्तर पाहिजे होतं, तिथं जाऊन सांगायला. मी पेन खाली ठेवला. मला रडू आलं नाही, राग आला, स्वतःचा, आणि तो राग आवाजात उतरला. "टिकली चांगली होती, चाचा. मी चुकले. तुम्ही उनहत्तर म्हणालात, मी एकाहत्तर ऐकलं आणि तेच लिहिलं. तुमच्या सगळ्या खेपा दुसऱ्या गाडीच्या नावावर गेल्यात. तुम्ही टिकली तपासायला लावलीत त्याच दिवशी मला हे कळलं होतं."

पंप नेमका तेव्हाच बंद होता. चाचांनी बोटांवर मोजलं, मनाशी आकडे म्हणत असावेत. "मैंने भी हौ बोला था," ते म्हणाले. "आपने पूछा, मैंने हौ बोला."

"तुम्ही हो म्हणालात म्हणून काय झालं? बाहेर येऊन प्लेट बघायचं काम माझं होतं."

"हाँ," ते म्हणाले. "वो तो आपका था."

हे त्यांनी इतक्या शांतपणे मान्य केलं की मला बरं वाटलं. माफी मिळाली म्हणून नव्हे. कुणीतरी माझ्याशी खरं बोलत होतं म्हणून.

मी साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला. तारीखवार खेपा, टिकलीचा आकडा, कुठं चुकलं, कुणाकडून चुकलं, खाली सही. साहेबांनी वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, गाडी चालू आहे, वस्तीला पाणी जातंय, कशाला उकरून काढता? मागच्या नोंदी आता बदलत नाहीत." मी म्हटलं, "बदलू नका. हा कागद त्यांना लावून ठेवा." त्यांनी शिक्का मारून एक प्रत माझ्या हातात दिली. त्या अर्जाचं पुढं काय व्हायचं ते झालं; जूननंतर माझी ऑर्डर वाढली नाही. साहेबांचा त्यात दोष होता असं मी म्हणणार नाही.

ती प्रत मी चाचांना दिली. त्यांनी ती बघितली, उलटी करून बघितली आणि परत माझ्याकडं दिली. "इतना लंबा मराठी कागद, मेरेकू पढना नहीं आता. मेरे हाथ में देखके कौन मानेगा? तुम्ही चला. तुमच्या तोंडानं सांगा."

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. सही करणं वेगळं आणि चाळीस घरांसमोर उभं राहणं वेगळं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते त्यांच्या जुन्या लुनावर, मी माझ्या स्कूटीवर, असे आम्ही पडेगावकडं निघालो. दौलताबाद रस्त्याला वारा तापलेला होता, दोन्ही बाजूंना नव्या प्लॉटच्या कमानी आणि कमानींच्या आत नुसता माळ. वस्तीच्या उताराशी पोचलो तर ड्रमांची रांग कडेला उभी होती. पाण्याची पाळी उद्या होती, त्यामुळं ड्रम तळाला गेलेले.

चाचांना बघून बायका घराबाहेर आल्या. एक वयस्क बाई, काठीसारखी वाळलेली, पुढं आली. दवाखान्यात ठेवावं लागलेलं लेकरू म्हणजे तिचाच नातू. "ह्यो कशाला आला पुन्हा?" तिनं मला विचारलं.

मी कागद उघडला, वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीला माझं मला कळलं की हे कुणाला समजणार नाही. सदर, अन्वये, नोंदणीकृत. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. म्हटलं, "आजी, हे माझ्याकडून झालं. गाडीचा नंबर लिहिताना मी चुकले. हे तुम्हाला जे पाणी देत होते ते आमच्याच केंद्रावरचं होतं. तुम्ही महिनाभर चांगलं पाणी प्यायलात. यांनी एक खेप चुकवली नाही, एक थेंब दुसरीकडं दिला नाही. मला हे समजलं त्यालाही अकरा दिवस झाले. मी गप्प बसले."

"अकरा दिस?" मागून एक तरुण बाई म्हणाली.

"अकरा."

"लई झाले."

"हो," मी म्हटलं. "लई झाले."

मला वाटलं होतं, आता माझ्यावर तोंडसुख घेतील. घेतलं असतं तर सोपं गेलं असतं. पण त्या सगळ्या चाचांकडं बघायला लागल्या आणि चाचा आपले जमिनीकडं. म्हातारीनं पदर सारखा केला. दोन पावलं त्यांच्याजवळ गेली.

"दगुड म्या मारला व्हता," ती म्हणाली.

"मालूम है, माय," चाचा म्हणाले. "मी बघितलं होतं. काच नाही फुटली."

"काच नाय, पर तुमच्या खांद्याला..."

"नाही लागलं." त्यांचा हात मात्र नकळत खांद्याकडं गेला.

म्हातारी वळली आणि घरात गेली. बाहेर आली ती दोन फुलपात्रं घेऊन. एक मला दिलं. माझा घसा वाळलेला होता, मी उभ्या उभ्या सगळं प्यायले आणि मग लाज वाटली. दुसरं तिनं चाचांपुढं धरलं. त्यांनी हात पुढं केला नाही. तिचा चेहरा एकदम पडला. "पाण्याला तरी नाय म्हणू नका," ती म्हणाली.

"रोजा है, माय," ते घाईघाईनं म्हणाले. "नाही म्हणत नाही. बाटलीत भरून द्या. आज रोजा इसीपे खोलूंगा."

एका पोरीनं घरातून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणली. म्हातारीनं ती ड्रमातल्या पाण्यानं विसळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उद्यापर्यंत पुरवायचं पाणी होतं ते. मग वाकून, हात पार तळाला घालून तिनं फुलपात्रानं काठोकाठ बाटली भरली. झाकण सापडेना, म्हणून तोंडावर प्लास्टिकची पिशवी ताणून दोऱ्यानं बांधली. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि लुनाच्या पुढच्या पिशवीत उभी ठेवली. लुना चालू केली नाही. खड्ड्यात हिसका बसून पाणी सांडेल म्हणून, एका हातानं बाटली धरून, तो उपाशी म्हातारा माणूस उतारावरून गाडी ढकलत सडकेपर्यंत चालत गेला. मीही माझी गाडी हातात धरून त्यांच्या मागून चालत राहिले.